सायप्रस: सहा दिवस, एक गाडी आणि आई

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषय देऊनच टाकला होता. "तू सॉफ्टवेअरमधली, तर एआयवर वीस मिनिटं बोल." मी हात जोडले. ज्यांनी मला अपूर्णांक शिकवले ते समोर बसलेले असताना मी त्यांना यंत्राची हुशारी सांगायची, आणि तीही जेवणाच्या आधी, हे काही जमायचं नाही. त्याऐवजी मी एका प्रवासाबद्दल बोलणार आहे. फेब्रुवारीत मी आणि आई भूमध्य समुद्रातल्या सायप्रस बेटावर सहा दिवस गाडी घेऊन फिरलो. आई तुमच्यातल्या पुष्कळांना आठवत असेल. मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातली धपाटी ज्यांनी पळवली, त्यांना तर नक्कीच.

भूगोलाच्या सरांसाठी आधी नकाशा. सिसिली आणि सार्डिनिया यांच्यानंतर भूमध्य समुद्रातलं तिसरं मोठं बेट सायप्रस. क्षेत्रफळ ९,२५१ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्याहून थोडं कमीच. मध्ये ट्रूडोसचा डोंगर, त्याचं सर्वांत उंच टोक १,९५२ मीटर, कळसूबाईपेक्षा तीनशे मीटरनी उंच. फेब्रुवारीत वर बर्फ असतो आणि खाली किनाऱ्याला बदाम फुललेले असतात. रसायनशास्त्राच्या बाईंसाठीही एक गोष्ट आहे. तांब्याचं चिन्ह Cu का, असा प्रश्न आपल्याला पडायचा. तांब्याला लॅटिनमध्ये 'क्युप्रम' म्हणतात, आणि तो शब्द सायप्रसच्या नावावरून आला. रोमन लोकांचं तांबं याच बेटावरून यायचं.

गाडी भाड्याने का घेतली? आईचं वय चौऱ्याहत्तर. गुडघे बोलतात. सहलीच्या बसमध्ये "दहा मिनिटांत परत या" म्हणणारा माणूस असतो, ते तिला सोसत नाही. आणि सायप्रसमध्ये गाडी डावीकडून चालते. १८७८ ते १९६० इंग्रजांचा अंमल होता, त्यांनी जाताना डावी बाजू आणि तीन पिनांचा प्लग मागे ठेवला. स्टेअरिंग उजवीकडे, पाट्या ग्रीक आणि इंग्रजी अशा दोन्ही लिपींत, अंतर किलोमीटरमध्ये. आपल्याकडे चालवणाऱ्याला तिथे नव्याने शिकावं लागतं ते एवढंच की सर्कलमध्ये आधी शिरलेल्या गाडीला खरोखर वाट द्यायची. भाड्याच्या गाडीची नंबरपाटी लाल असते. त्यामुळे हा पाहुणा आहे हे सगळ्यांना दुरून कळतं आणि लोक जरा अंतर राखतात. आई म्हणाली, "आपल्याकडं नव्या डायव्हरला अशी पाटी द्याय पाहिजे."

विमानतळ लार्नाकाला. गावाला लागूनच खाऱ्या पाण्याचं तळं आहे. उन्हाळ्यात ते आटतं आणि पांढरं मीठ उरतं. विसाव्या शतकापर्यंत तिथून मीठ काढत होते. हिवाळ्यात पाणी भरलं की रोहित पक्षी उतरतात. आम्ही गेलो तेव्हा गुलाबी रांगा लागल्या होत्या. तळ्याच्या पलीकडे खजुराच्या झाडांत एक दर्गा आहे, हाला सुलतान टेक्के. सातव्या शतकात अरबांची पहिली स्वारी आली तेव्हा पैगंबरांच्या नात्यातली एक स्त्री, उम्म हराम, खेचरावरून पडून इथे वारली अशी श्रद्धा आहे. गावात सेंट लाझारसचं चर्च आहे, नवव्या शतकाच्या अखेरचं. दोन्हीकडे आई चप्पल काढूनच गेली. चर्चमध्ये काढायची नसते हे मी सांगितलं. ती म्हणाली, "काढली तर कोण हाकलतंय व्हय?"

लार्नाकातच नॅव्हिगेशनच्या बाईने मला एक वळण सांगितलं: "स्त्रातिगू तिमायिया." दुसऱ्यांदा ऐकल्यावर मी गाडी बाजूला घेतली आणि पाटी वाचली. स्त्रातिगोस म्हणजे सेनापती. तिमायिया म्हणजे आपले जनरल थिमय्या! १९५७ ते १९६१ आपले लष्करप्रमुख होते ते. सायप्रसमध्ये ग्रीक आणि तुर्की लोकांत दंगली पेटल्या म्हणून १९६४ साली संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली. तिचे पहिले प्रमुख जनरल ग्यानी, दुसरे थिमय्या. डिसेंबर १९६५ मध्ये थिमय्या तिथेच, कामावर असताना वारले. सायप्रसने त्यांच्या नावाने टपाल तिकीट काढलं. पुढे १९७४ साली युद्ध झालं तेव्हाही शांतिसेनेचे प्रमुख भारतीयच होते, जनरल प्रेमचंद. हे सगळं मला त्या रस्त्यावर उभं राहून कळलं. पाटीखाली उभं राहून आईने फोटो काढून घेतला.

तिथून पुढे आम्ही किनाऱ्याने पश्चिमेला निघालो. महामार्गावर ताशी शंभरची मर्यादा आहे, पण मी जिथे जमेल तिथे जुना रस्ता धरला. पहिला मोठा मुक्काम खिरोकितिया. नदीच्या वळणावर एका टेकाडावर नऊ हजार वर्षांपूर्वीचं गाव आहे. गोल घरं, खाली दगड, वर मातीच्या विटा, बाहेरून गावाला भिंत. १९९८ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. पायऱ्या चढत आई अर्ध्या टेकाडापर्यंत आली आणि एका घराच्या पायाजवळ बसली. मी तिला पाटी वाचून दाखवली: ही माणसं आपल्या मेलेल्यांना घरातच, जमिनीखाली पुरायची. आई बराच वेळ त्या गोलाकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हंजे हे गाव सोडून जायचं म्हंजे आईबापालाबी सोडून जायचं."

ते वाक्य तेव्हा मी फारसं मनावर घेतलं नाही. पुढे त्याचा अर्थ लागला.

लिमासोलच्या पुढे संत्र्या-लिंबांच्या बागा लागतात, आणि त्यांच्यात कोलोसीचा किल्ला. किल्ला म्हणजे आपल्या पन्हाळ्यासारखा विस्तार नव्हे. एकच चौकोनी तीन मजली बुरूज, आज दिसतो तो १४५४ सालचा. धर्मयुद्धांतल्या हॉस्पिटलर सरदारांचा. त्याच्या पायथ्याशी एक लांबट दगडी इमारत आणि पाण्याचा दगडी पाट आहे. मी पाटी वाचली आणि मोठ्याने हसले. आई, साखर कारखाना!

खरंच. चौदाव्या-पंधराव्या शतकात हा सगळा पट्टा उसाचा होता. ऊस आणि साखर करण्याची विद्या आपल्याकडून इराण, अरबस्तान करत भूमध्य समुद्रापर्यंत गेली. आपली 'शर्करा' अरबीत 'सुक्कर' झाली आणि तिथून युरोपभर पसरली. पाण्याच्या जोरावर घाणा फिरायचा, रस काढून काहिलीत उकळायचे, आणि तळाला भोक असलेल्या निमुळत्या मातीच्या साच्यांत ओतायचे. वर साखरेची ढेप जमायची, खालच्या भांड्यात काकवी गळायची. मग ती साखर व्हेनिसच्या जहाजांत चढायची. हे सांगताना मला आईला एकही शब्द समजावून सांगावा लागला नाही. गुऱ्हाळ तिने आयुष्यभर पाहिलंय. तिने पाटाचा उतार बघितला आणि विचारलं, "हे पाणी येतं कुठनं? आणि वरच्या बाजूला कोण होतं?"

आता गंमत ऐका. तोच प्रश्न सहाशे वर्षांपूर्वी तिथल्या दरबारात गाजला होता. कोलोसीच्या शेजारी एपिस्कोपी नावाचं गाव आहे, तिथे व्हेनिसच्या कोर्नारो घराण्याचा ऊस होता. नदी एक, ऊस दोघांचा. पाण्यावरून सरदार आणि कोर्नारो यांचं भांडण कित्येक वर्षं चाललं. मी हे सांगितल्यावर आई म्हणाली, "ऊस आला की पाणी आलं, पाणी आलं की भांडण आलं." कॅनॉलच्या टेलला ज्यांची शेती आहे ते मागच्या रांगेत मान हलवताना मला इथून दिसताहेत.

पुढे मदेरा बेट आणि मग ब्राझील इथे अधिक स्वस्त साखर होऊ लागली आणि सायप्रसचा ऊस संपला. आज तिथे उसाचं कांडकंही दिसत नाही. आई परत गाडीत बसताना एवढंच म्हणाली, "एवढं भांडून काय ऱ्हायलं? पाट."

कोलोसीपासून थोडं पुढे समुद्रावरच्या कड्यावर कूरिओन हे जुनं शहर आहे. वाटेत एका वळणावर देश बदलतो, तेही कुणी न थांबवता. १९६० साली स्वातंत्र्य देताना इंग्रजांनी बेटाचा जवळजवळ तीन टक्के भाग लष्करी तळांसाठी स्वतःकडे ठेवला, आणि कूरिओन त्यात येतं. कूरिओनचं नाट्यगृह अर्धवर्तुळाकार आहे, सुमारे साडेतीन हजार माणसं बसतील एवढं. पाठीमागे निळा समुद्र. उन्हाळ्यात आजही तिथे नाटकं होतात. शाळेच्या गॅदरिंगला माईक बंद पडला की आपण काय ओरडायचो! तिथे मधोमध उभं राहून साध्या आवाजात बोललं की वरच्या पायरीवर ऐकू येतं. आईने वरून ऐकून खात्री केली.

चौथ्या शतकात या शहराला भूकंपाने गाडलं. उत्खननात एका घरात नवरा, बायको आणि तान्हं मूल असे तिघांचे सापळे सापडले, एकमेकांना बिलगलेले. शहर मोडलं, लोक गरीब झाले. पुढे पाचव्या शतकाच्या सुमारास युस्तोलिओस नावाच्या माणसाने तिथे एक मोठी वास्तू बांधली. तिच्या फरशीवर रंगीत दगडांचं चित्रकाम आहे. एका चित्रात एक स्त्री हातात मोजपट्टी घेऊन उभी आहे, खाली नाव लिहिलंय 'क्तिसिस', म्हणजे निर्मिती. इंजिनिअरिंगला मुलींना प्रवेश घेताना ज्यांनी ज्यांनी नाक मुरडलं होतं, त्यांच्यासाठी मी तिचा फोटो जपून ठेवलाय. आणि एका लेखात लिहिलंय, त्याचा आशय असा: एके काळी सुखी असलेले कूरिओनचे लोक हलाखीत आहेत हे पाहून युस्तोलिओस आपल्या वाडवडिलांच्या गावाला विसरला नाही; त्याने आधी गावाला स्नानगृहं दिली, मग वाऱ्यापासून आडोसा मिळेल अशी ही जागा बांधली. माझ्या मते हा माजी विद्यार्थी संघाच्या देणगीफलकाचा सर्वांत जुना नमुना. मुख्याध्यापकांनी नोंद घ्यावी, आपल्या नव्या फरशीवर जागा आहे.

पुढचा रस्ता समुद्राला अगदी चिकटून जातो. एका वळणावर पाण्यात उभे मोठे पांढरे खडक दिसतात, पेत्रा तू रोमिऊ. प्रेमाची देवी ॲफ्रोडायटी इथेच फेसातून वर आली, अशी ग्रीकांची कथा. सगळे तिथे फोटो काढतात, आम्हीही काढला. पण खरी देवी पुढे भेटली. कूक्लिया गावात तिचं प्राचीन ठाणं आहे. शेकडो वर्षं लोक जहाजांतून तिथे नवस बोलायला येत. त्या देवळात मूर्ती नव्हती. होता एक काळसर, निमुळता, उभा दगड. तो आज तिथल्या संग्रहालयात ठेवलाय. मी आईला काही सांगायच्या आत तिने पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. "तांदळा हाय गं," ती म्हणाली. मी सरांच्या इतिहासात 'ग्रीक संस्कृती: सुंदर मूर्ती' असं पाठ केलं होतं. त्यांच्या सर्वांत सुंदर देवीचं मूळ ठाणं आपल्या माळावरच्या देवीसारखं होतं, हे मला शाळेची पायरीही न चढलेल्या बाईने दाखवलं.

पाफोसला दोन दिवस होतो. १९६२ साली शेताची जमीन सारखी करताना तिथे रोमन घरांच्या रंगीत फरशा निघाल्या. जवळच समुद्राकाठच्या खडकात कोरलेली 'राजांची थडगी' आहेत. त्यांत राजा एकही नाही, त्या काळच्या मोठ्या अधिकाऱ्यांची ती थडगी, पण खांबांचा चौक असा की राजालाही चालेल. या सगळ्याबद्दल तासभर बोलता येईल, पण मला तुम्हाला त्या रात्रीच्या मुक्कामाकडे न्यायचंय.

पाफोसच्या वर डोंगरातल्या एका लहान गावात आम्ही एका जुन्या दगडी घरात राहिलो. घरमालकीण आईच्याच वयाची. आल्या आल्या तिने छोट्या बशीत चमचाभर गोड आणलं, साखरेच्या पाकात मुरवलेलं लिंबू, आणि सोबत थंडगार पाण्याचा पेला. तिथली रीत आहे ती. आईने माझ्याकडे बघितलं. आपल्याकडचं गूळपाणीच की.

रात्री शेकोटीशी बसलो. मालकीणबाई इंग्रजी बोलत, आई मराठी, आणि मध्ये मी. मी विचारलं, घर फार जुनं दिसतं, तुमच्या सासऱ्यांचं का? त्या म्हणाल्या, "घर माझं नाही. ज्यांचं आहे ते तुर्की. ते उत्तरेला गेले. मी उत्तरेकडची."

इतिहासातला भाग मी दोन ओळींत सांगते. १९७४ च्या जुलैत आधी ग्रीसच्या लष्करशहांच्या पाठिंब्याने सायप्रसमध्ये सरकार उलथवलं गेलं, आणि पाचच दिवसांनी तुर्कस्तानचं सैन्य उत्तर किनाऱ्यावर उतरलं. तेव्हापासून बेटाचा उत्तरेचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग तुर्की ताब्यात आहे. मधून सुमारे १८० किलोमीटर लांबीचा पट्टा जातो, त्यावर संयुक्त राष्ट्रांचं सैन्य. दीड लाखाहून अधिक ग्रीक माणसं उत्तरेतून दक्षिणेत आली, चाळीस हजारांहून अधिक तुर्की माणसं दक्षिणेतून उत्तरेत गेली. दोन्ही बाजूंची मिळून २,००२ माणसं बेपत्ता म्हणून नोंदली गेली: १,५१० ग्रीक, ४९२ तुर्की. दोन्हीकडचे शास्त्रज्ञ एकत्र बसून आजही जमिनीत सापडणारी हाडं ओळखतात आणि घरच्यांना परत देतात. खिरोकितियाला आई काय म्हणाली होती, ते मला तेव्हा आठवलं.

मालकीणबाई सांगत होत्या. एकोणतीस वर्षं त्यांना पलीकडे जाता आलं नाही. २००३ च्या एप्रिलमध्ये वाट उघडली तेव्हा त्या गेल्या. आपल्याच दाराची कडी वाजवली. दार उघडणाऱ्या बाईने यांना बघताच ओळखलं, कारण असे लोक रोजच येत होते. म्हणाली, आत या. कॉफी केली. ती बाई स्वतःही दक्षिणेतून तिकडे गेलेली. अंगणातलं लिंबाचं झाड तेवढं मोठं झालं होतं. निघताना तिने पिशवीभर लिंबं दिली. "माझ्याच झाडाची लिंबं मला पाहुणी म्हणून मिळाली," मालकीणबाई म्हणाल्या. "त्यानंतर मी परत गेले नाही."

मी हे सगळं आईला मराठीत सांगितलं. आई काही बोलेना. मग म्हणाली, "तिला सांग, माझं गाव पाण्यात गेलं."

मित्रांनो, तुम्ही माझ्या आईला वाळवा तालुक्यातली समजता. ती कोयनेच्या खोऱ्यातली. शिवसागरचं पाणी चढू लागलं तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची होती. हे मला माहीत होतं, पण एक वाक्य म्हणून माहीत होतं: "आजोळ धरणात गेलं." त्या रात्री पहिल्यांदा तिने सांगितलं की बैलगाडीत काय काय घेतलं, काय राहिलं. आणि पुढे एका उन्हाळ्यात पाणी फार उतरलं तेव्हा ती भावाबरोबर गेली होती. चिखलात चालत जाऊन घर शोधलं. उंबरा सापडला.

मालकीणबाईंनी विचारलं, "तुमच्या घरात आता कुणीच राहत नाही. माझ्या घरात दुसरं कुणी राहतं. कुठलं बरं?"

मी हे भाषांतर करावं की नाही, अशा विचारात थांबले. आई म्हणाली, "काय म्हणाली ती?" मी सांगितलं. आई शेकोटीकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "कुणी राहत असतं तर बरं झालं असतं. चूल तरी पेटली असती."

मी ते इंग्रजीत सांगितलं. मालकीणबाई उठल्या, आईचा हात हातात घेतला आणि पुष्कळ वेळ सोडला नाही. दोघींनी दुसऱ्या दिवशी सकाळी मिळून चुलीवर भाकरीसारखं काहीतरी केलं. माझी भाषांतराला गरज पडली नाही.

शेवटचा दिवस राजधानी निकोसियात. गाडीच्या विम्याचा कागद स्पष्ट सांगत होता की उत्तरेत विमा लागू नाही, म्हणून गाडी दक्षिणेतच उभी केली आणि लेद्रा स्ट्रीटवरून चालत गेलो. कापडाची दुकानं, आइस्क्रीम, मग अचानक एक खिडकी, पासपोर्ट. थोडी ओस पडलेली घरं, वाळूची पोती. मग दुसरी खिडकी, पुन्हा पासपोर्ट. आणि परत कापडाची दुकानं. ही वाट २००८ साली उघडली. नकाशावर रस्ता एकच आहे, सरळ. पलीकडे गॉथिक कमानींचं जुनं कॅथेड्रल आता मशीद आहे, आणि १५७२ सालची एक देखणी सराई आहे. तिथे आई चहा प्यायली आणि म्हणाली, "माणसं तर तीच हायत."

निकोसियातली एक गोष्ट मात्र मला इंजिनिअर म्हणून सगळ्यांत आवडली. शहर दुभंगलं तेव्हा भुयारी गटाराचं काम अर्धवट होतं. उतार उत्तरेकडे. सांडपाण्याला सैन्य अडवू शकत नाही. तेव्हा १९७० च्या दशकाच्या अखेरीस दोन्ही बाजूंचे महापौर, लेलॉस डिमिट्रियाडिस आणि मुस्तफा अकिंजी, यांनी एकत्र बसून ठरवलं की गटार एकच राहील. दोन्हीकडचे नेते एकमेकांशी बोलत नसताना हे दोघे पाइपांच्या व्यासाबद्दल बोलत होते. त्यातूनच पुढे संपूर्ण शहराचा एक आराखडा तयार झाला. मोठा तंटा सुटत नसेल, तेव्हा निदान ज्याचा उतार दोघांच्याही दारातून जातो त्या गोष्टीवर बोलता येतं.

आता माझं मुख्य सांगणं, आणि मग जेवण.

आपल्या वर्गात वारणा धरणाच्या वसाहतीतून येणारी सात-आठ मुलं-मुली होती. त्यांच्यातले पाच जण आज इथे आले आहेत, याचा मला फार आनंद आहे. भूगोलाच्या तासाला सर तालुक्याच्या नकाशावर आपापलं गाव दाखवायला सांगायचे. ही मुलं वसाहतीवर बोट ठेवायची. पण वसाहतीच्या आधीचं गाव, त्याच्या वाड्या, तिथला पाणवठा, देवराई, कुणाचं घर कुणाला लागून होतं, हे आज फक्त त्यांच्या आईवडिलांना माहीत आहे. आणि ते आता ऐंशीकडे झुकले आहेत. सायप्रसमध्ये नऊ हजार वर्षांपूर्वीच्या गावाच्या एकेका घराला क्रमांक दिलेला आहे. आपल्या पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या घरांना आपण निदान नावं देऊ शकतो.

शाळेच्या ग्रंथालयासाठी मी एक जाड वही बांधून आणली आहे. धरणात, रस्त्यात, कशातही गेलेल्या गावांची वही. टाइप करायचं काम माझं, नकाशे सरांना तपासायला देऊ. पहिली चार पानं भरली आहेत. आईने सांगितली, मी लिहिली: तिच्या वाडीची अकरा घरं, एक झरा, एक भैरोबा आणि वाटेवरचा एक फणस.

वही जेवणाच्या टेबलाशेजारी ठेवते, पेन दोरीला बांधलंय. ज्यांच्या घरी वडीलधारी माणसं आहेत त्यांनी आज नाव आणि फोन तरी लिहून जा, मी स्वतः गाडी घेऊन येईन.